एबीजीत एकही बाण नाही, मग मॅडमनी ट्यूबची ट्रॉली का मागवली?

रात्रपाळी
मी बीएएमएस, जिल्ह्याच्या गावातल्या एका खाजगी आयसीयूत रात्रीचा आरएमओ. दम्याचा जोरदार अटॅक घेऊन विशीतली मुलगी आली. आल्या आल्या एबीजी (धमनीतल्या रक्ताची गॅस तपासणी): पीएच ७.५०, पीसीओटू (रक्तातला कार्बन डायऑक्साइड) २९, बायकार्ब (रक्तातलं आम्ल झेलणारा क्षार) २२. नेब, स्टिरॉइड, मॅग्नेशियम सगळं सुरू केलं. तीन तासांनी परत काढला: पीएच ७.३९, पीसीओटू ४१, बायकार्ब २४. ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९४. पहिल्या कागदावर नॉर्मलबाहेरच्या आकड्यांपुढे लाल बाण होते, दुसऱ्यावर एकही नाही. मॅडमना फोनवर आकडे सांगितले तर त्या दहा मिनिटांत हजर, आणि बेडजवळ श्वासनलिकेत घालायच्या ट्यूबची ट्रॉली ओढून ठेवायला सांगितली. मुलगी पुढे सुधारली, ट्यूब लागली नाही. राउंडच्या गडबडीत कारण विचारायचं राहून गेलं. इथले आयसीयूवाले सांगतील का?

मोगरावेणी
धागा वाचनखुणेत टाकलाय. आमच्याकडे नवीन सिस्टर लोकांना हाच प्रश्न पडतो.

भूलथाप
तुमच्या मॅडमच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं. आधी एक सांगा, दुसऱ्या एबीजीच्या वेळी छातीतल्या शिट्ट्या वाढल्या होत्या की कमी झाल्या होत्या? आणि बोलत कशी होती?

रात्रपाळी
शिट्ट्या कमी झाल्या होत्या. म्हणून मला बरं वाटलं. आली तेव्हा अर्धं अर्धं वाक्य बोलत होती, नंतर एकेक शब्द. "पाणी" म्हणाली आणि ग्लास हातात घेऊन तशीच बसली, प्यायला श्वास पुरेना.

भूलथाप
मग ग्लासनेच निदान सांगितलं होतं म्हणायचं. दम्याच्या अटॅकमध्ये माणूस भराभर श्वास घेतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि पीसीओटू खाली येतो. म्हणजे २९ हा त्या मुलीसाठी अपेक्षित आकडा होता. श्वासाचा वेग तोच, नळ्या तशाच आवळलेल्या, तरी पीसीओटू २९ वरून ४१ वर आला, याचा अर्थ स्नायू थकले. तो आकडा ५० कडे निघालाय आणि वाटेत ४१ ला भेटला, इतकंच. शिट्ट्या कमी झाल्या कारण शिट्टी वाजायलाही हवा आत-बाहेर व्हावी लागते. दम्याच्या तीव्र अटॅकमध्ये नॉर्मल पीसीओटू हा धोक्याचा इशारा समजतात.

माझ्या मते एबीजी शिकवताना सगळ्यात मोठा घोटाळा त्या "नॉर्मल रेंज"च्या रकान्याने होतो. पीएच ७.३५ ते ७.४५, पीसीओटू ३५ ते ४५, बायकार्ब २२ ते २६. ही रेंज खाटेवर शांत पडलेल्या निरोगी माणसाची. आपल्यासमोर तो माणूस नसतो. त्यामुळे आकडा रेंजमध्ये आहे का हा प्रश्न दुय्यम, या पेशंटचा आकडा आत्ता किती असायला हवा होता हा प्रश्न पहिला.

मोगरावेणी
गरोदर बाईचं तर अजूनच वेगळं. तिचा नेहमीचाच पीसीओटू ३० च्या आसपास असतो ना? आमच्या एचडीयूत आठव्या महिन्यातली दम्याची पेशंट होती, पीसीओटू ३९ आला आणि सर तडक उठून आले होते.

भूलथाप
अगदी बरोबर. प्रोजेस्टेरॉनमुळे श्वास खोल होतो, पीसीओटू २८ ते ३२ वर राहतो आणि किडनी भरपाई म्हणून बायकार्ब १८ ते २१ वर आणून ठेवते. तिला ३९ म्हणजे बराच चढलेला. कागदावर मात्र बाण नसणार, कारण मशीनला ती गरोदर आहे हे कुणी सांगितलेलंच नाही.

शंकासुर
मी डॉक्टर नाही, कुतूहल म्हणून विचारतो. पीएच म्हणजे शाळेतला लिटमसवाला पीएचच ना? मग तो ७.४ वरून ७.१ झाला तर एवढं काय? ०.३ चाच फरक.

भूलथाप
पीएच हे लॉगचं माप असल्यामुळे डोळ्यांची फसगत होते. ७.४ ला रक्तात हायड्रोजन आयन लिटरमागे ४० नॅनोमोल असतात, ७.१ ला ८० च्या जवळ, म्हणजे दुप्पट, आणि ७.० ला १००. एवढ्याने हृदयाचं आकुंचन मंदावतं, रक्तवाहिन्या औषधांना दाद देईनाशा होतात, पोटॅशियम पेशीतून बाहेर पडतं. शरीर दिवसाला साधारण १५,००० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड तयार करतं, तो फुप्फुसातून जातो. त्याखेरीज अन्नातून, मुख्यतः प्रथिनांतून, वजनाच्या दर किलोमागे सुमारे १ मिलिमोल असं आम्ल तयार होतं जे श्वासातून जाऊ शकत नाही, ते किडनीला काढावं लागतं. फुप्फुसं मिनिटांत भरपाई करतात, किडनीला पूर्ण भरपाईला तीन ते पाच दिवस लागतात. म्हणून बायकार्ब बघून आजार आजचा की जुना याचाही अंदाज येतो.

शंकासुर
मग आमच्या सोसायटीत अल्कलाइन पाण्याचं मशीन विकायला येतात ते?

भूलथाप
ते पाणी पोटात जातं, तिथला पीएच २ च्या आसपास. पुढचं तुम्हीच ठरवा. लघवीचा पीएच थोडाफार हलेल, रक्ताचा नाही.

खडीसाखर
फिजिशियन आहे, डायबेटिसचे पेशंट जास्त. वर भूलथाप यांनी जे म्हटलंय त्याचं माझ्याकडचं उदाहरण देते, आकडे समजावायला सोपे केलेत. कीटोअ‍ॅसिडोसिसचा तरुण पेशंट (डायबेटिसमुळे रक्तात कीटोन आम्लं साठलेला), बायकार्ब ७, पीसीओटू ३०. मशीन पीसीओटूपुढे "कमी" असा बाण दाखवतं. ज्युनियर म्हणतो, "मॅडम, श्वासाने भरपाई करतोय, चांगलं आहे." आता अपेक्षित पीसीओटू काढायचं विंटर्सचं सूत्र लावा: बायकार्ब गुणिले दीड, अधिक ८, दोन इकडे तिकडे. सात गुणिले दीड साडेदहा, अधिक ८ म्हणजे साडेअठरा. याचा पीसीओटू १७ ते २० हवा होता आणि आहे ३०. याची भरपाई कमी पडतेय, थकलाय किंवा गुंगीत चाललाय. पीसीओटू १८ असता तर पीएच ७.२१ राहिला असता. ३० ला तो ६.९९ आहे. बाण "कमी"चा, पेशंट "जास्त"चा.

भूलथाप
आणि इथे माझ्या धंद्यातला धोका. असा पेशंट थकला म्हणून ट्यूब टाकायची आणि व्हेंटिलेटरवर सवयीने रेट १४ ठेवायचा, हे जीवावर बेतू शकतं. तो स्वतः ३५ च्या वेगाने, खोल श्वास ओढत होता. भूल देऊन स्नायू सैल केले की तो श्वास बंद, पीसीओटू वर आणि पीएच आणखी खाली. म्हणून अशा पेशंटला शक्यतो ट्यूब टाळायची. टाकावीच लागली तर व्हेंटिलेटरने त्याच्या आधीच्या श्वासाशी बरोबरी करायची आणि लगेच दुसरा एबीजी काढायचा.

रात्रपाळी
तो खोल श्वास म्हणजे कुसमॉल ना?

खडीसाखर
हो. कुसमॉलने १८७४ मध्ये डायबेटिक कोमाच्या पेशंटमध्ये वर्णन केलेला. लक्षात ठेवायचं ते असं की हा श्वास धापेसारखा उथळ नसतो. पोटापासून खोल, एका लयीत, आणि छाती ऐकली तर स्वच्छ. छाती स्वच्छ पण श्वास जोरात, असं दिसलं की शुगर आणि कीटोन बघायचेच. हल्ली डायबेटिसच्या ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या सर्रास चालतात. त्यांच्यावर असलेल्या पेशंटला शुगर १८० असतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. तिथे शुगर "बरीच बरी" दिसते आणि सगळे गाफील राहतात. ऑपरेशनच्या आधी या गोळ्या तीन-चार दिवस बंद करायला सांगतात ते यासाठीच.

पारवा
माफ करा, मधेच विचारते. आईला सीओपीडी (फुप्फुसांच्या नळ्यांचा जुनाट आजार) आहे, विडी-सिगारेट कधी नाही, आयुष्य चुलीपुढे गेलं. परवा अ‍ॅडमिट होती तेव्हा ऑक्सिजन ८९-९० वरच ठेवला. भाऊ चिडून म्हणाला, आपल्याकडून पैसे घेतात आणि ऑक्सिजन वाचवतात. खरंच असं का करतात?

भूलथाप
पारवाताई, भावाला सांगा ते आईच्या भल्यासाठीच होतं. अशा पेशंटसाठी ८८ ते ९२ हेच लक्ष्य आहे. वर्षानुवर्षं पीसीओटू चढलेला असतो, शरीर त्याला सरावलेलं असतं. जास्त ऑक्सिजन दिला की फुप्फुसाचे जे भाग नीट हवा घेत नाहीत तिकडेही रक्त वळतं, श्वासाचा जोरही थोडा मंदावतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पेशंट गुंगीत जातो. आईचा एबीजी घरी असेल तर पीएच आणि पीसीओटू बघून सांगा. नाव, हॉस्पिटल वगैरे लिहू नका.

पारवा
डिस्चार्ज कार्डावर पीएच ७.३६, पीसीओटू ६०, एचसीओ३ ३३ असं आहे. पीसीओटू ६० बघून घरात सगळे घाबरलो होतो.

भूलथाप
हे आकडे जुन्या सीओपीडीत बसणारे आहेत. जुन्या आजारात पीसीओटू दर १० ने वाढला की बायकार्ब साधारण ४ ने वाढतो. ४० वरून ६० म्हणजे २० वर, म्हणून २४ चा ३२ व्हायला हवा. आईचा ३३ आहे. किडनीने आपलं काम चोख केलंय, पीएच जागेवर आहे. हेच सगळं आजच्या आज झालं असतं तर बायकार्ब दर १० मागे फक्त १ ने वाढून २६ राहिला असता आणि पीएच ७.२६ च्या आसपास उतरला असता. आईला बायपॅप (मास्कमधून श्वासाला जोर देणारं मशीन) लागलंच तर पीसीओटू ४० वर आणायचा हट्ट कुणी धरू नये. बायकार्ब ३३ असताना पीसीओटू ४० केला तर पीएच ७.५४ होतो. तिचा नॉर्मल ६० च आहे. बाकी औषधांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, इथे कागदावरून उपचार नको.

पारवा
खूप आभार. भावाला हे वाचायला देते.

जुनी_पानं
बायकार्ब वाढला म्हणून अल्कलोसिस (रक्त अल्कलीकडे झुकणं) समजण्याची गल्लत मोठ्या प्रमाणावर झालेली आहे, आणि तिच्या दुरुस्तीतूनच आजचं आयसीयू उभं राहिलं. १९५२, कोपनहेगन, ब्लेगडॅम हॉस्पिटल. पोलिओची साथ. ज्यांचे श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायू गेले होते असे ३१ पेशंट पहिल्या तीन आठवड्यांत श्वासयंत्रावर ठेवले, त्यातले २७ गेले. रक्तात एकूण कार्बन डायऑक्साइड चढलेला दिसे. डॉक्टर म्हणत, हा कसलातरी अनाकलनीय अल्कलोसिस. ब्यॉर्न इब्सेन हे भूलतज्ज्ञ. त्यांनी सांगितलं की हे अल्कलोसिस नव्हे, पेशंटचा श्वास अपुरा पडतोय आणि कार्बन डायऑक्साइड साठतोय. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास दिला. मुलगी वाचली. मग सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन्‌महिने पिशव्या दाबल्या आणि मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. तिथल्याच प्रयोगशाळेतल्या पॉल आस्ट्रुप यांनी पीएच मोजून पीसीओटू काढण्याची पद्धत बसवली. कार्बन डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड स्टोने १९५४ मध्ये मांडला, सेव्हरिंगहाउसने सुधारला, क्लार्कचा ऑक्सिजन इलेक्ट्रोड त्याच काळातला. तुमचं मशीन या सगळ्यांचं नातवंड.

मोगरावेणी
अंगावर काटा आला. पिशवी अर्धा तास दाबली तरी आमची बोटं भरून येतात.

टेस्टट्यूब
लॅबवाला बोलतो. तुम्ही लोक आकड्यांवर एवढी चर्चा करता, पण सिरिंज कशी येते ते आम्हाला विचारा. दोन एमएलच्या सिरिंजमध्ये अर्धा एमएल हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) तसंच ठेवून एक एमएल रक्त भरतात. हेपॅरिनमध्ये ना कार्बन डायऑक्साइड ना बायकार्ब, दोन्ही आकडे पातळ होऊन खाली येतात आणि पेशंटला नसलेला, बायकार्ब घटून रक्त आम्लाकडे झुकल्याचा मेटॅबॉलिक अ‍ॅसिडोसिस चिकटतो. हेपॅरिन फिरवून पूर्ण बाहेर काढा, सुईत राहतं तेवढं पुरतं. बुडबुडा राहिला तर पीओटू (रक्तातला ऑक्सिजन) खोलीतल्या हवेकडे, म्हणजे १५० कडे सरकतो आणि पीसीओटू उतरतो. आणि सिरिंज ट्रेमध्ये ठेवून चहाला जाऊ नका. रक्तातल्या पेशी जिवंत असतात, त्या ऑक्सिजन खातात, लॅक्टेट तयार करतात. अर्ध्या तासाच्या आत मशीनवर. ल्युकेमियाचा पेशंट असेल, पांढऱ्या पेशी लाखाच्या वर, तर पीओटू पाच-दहा मिनिटांतच घसरतो. तेव्हा बोटावरच्या सॅच्युरेशनवर विश्वास ठेवा.

आणि एफआयओटू (पेशंटला किती टक्के ऑक्सिजन चालू आहे ते) टाकत जा हो. मास्कवर दहा लिटर चालू असतो आणि मशीनमध्ये २१ टक्के.

रात्रपाळी
आकडेच चुकीचे आलेत हे कागदावरून ओळखता येतं का?

टेस्टट्यूब
येतं. मशीन पीएच आणि पीसीओटू मोजतं, बायकार्ब मोजत नाही, सूत्राने काढतं. म्हणून फोनवर ऐकताना किंवा वहीत उतरवताना एखादा आकडा चुकला तर तिघांचं जमत नाही. २४ गुणिले पीसीओटू भागिले बायकार्ब, येईल तो हायड्रोजन. ८० मधून पीएचचे दशांशानंतरचे दोन अंक वजा करा, तोही हायड्रोजन. तुमच्या त्या मुलीचं: २४ गुणिले ४१ भागिले २४ म्हणजे ४१. आणि ८० वजा ३९ म्हणजे ४१. जमलं. ही वजाबाकी ७.२ ते ७.५ च्या मधेच चालते, त्यापलीकडे तक्ता बघा. सिरिंजच बिघडलेली असेल तर मात्र हे गणित पकडत नाही, तिथे पेशंटकडे बघावं लागतं.

खारेदाणे
नेफ्रॉलॉजीत आहे. भूलथापरावांचा "नॉर्मलपासून सावध" हा मुद्दा मला पटतो, पण तुम्ही अजून सगळ्यात फसवा नॉर्मल सांगितलाच नाही. हा बघा: पीएच ७.४०, पीसीओटू ४०, बायकार्ब २४. पुस्तकातून उतरवल्यासारखा. पेशंट किडनी फेल्युअरचा, चार दिवस उलट्या. आता सोडियम १४०, क्लोराइड ८८. गॅप काढा, म्हणजे सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्ब वजा करा: १४० वजा ८८ वजा २४ म्हणजे २८. नॉर्मल ८ ते १२. म्हणजे कुठलंतरी आम्ल १६ ने साठलंय. ते आम्ल नसतं तर बायकार्ब ४० असता. उलट्यांमुळे अल्कलोसिस, किडनीमुळे अ‍ॅसिडोसिस, दोघांनी एकमेकांना झाकलं. दोन्ही जोरदार, आणि एबीजीचा कागद म्हणतो सगळं आलबेल. गॅप म्हणजे वहीत न दाखवलेला खर्च, तो शोधल्याशिवाय हिशेब लागला म्हणू नये.

अल्ब्युमिन कमी असेल तर गॅप खोटा लहान दिसतो. दर १ ग्रॅम कमतरतेमागे अडीच मिळवा. आपल्याकडे आयसीयूत अल्ब्युमिन २ असलेले पेशंट रोजचे. त्यांचा १२ चा गॅप खरा १७ असतो.

खडीसाखर
+१. गॅप काढल्याशिवाय एबीजी वाचला असं मी मानतच नाही. मालवणीची जून २०१५ ची विषारी दारू आठवा, शंभरावर माणसं गेली. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक आम्ल होतं. सुरुवातीला पेशंट नुसता प्यायलेला वाटतो, आणि आम्ल तयार व्हायला वेळ लागत असल्यामुळे लवकर काढलेला एबीजी चांगलाही येऊ शकतो. नंतर गॅप वाढत जातो, डोळ्यांपुढे धुकं आल्यासारखं दिसतं. दारू पिऊन आलेला माणूस "दिसत नाही" म्हणाला की त्याला घरी पाठवायचं नाही. उपचार इथेनॉल किंवा फोमेपिझोल, आणि डायलिसिस. नुसती बायकार्बची इंजेक्शनं देत बसायचं नाही.

खारेदाणे
आणि गॅप नॉर्मल असून अ‍ॅसिडोसिस असेल तर आधी जुलाब विचारा, मग किती सलाईन दिलं ते विचारा. नॉर्मल सलाईनमध्ये सोडियम १५४ आणि क्लोराइडही १५४. रक्तात क्लोराइड १०० च्या आसपास असतं. पाच-सहा लिटर धो धो दिलं की क्लोराइड चढतं, बायकार्ब उतरतं. त्या "नॉर्मल सलाईन" नावातही नॉर्मल काही नाही. स्टुअर्टच्या पद्धतीने हे फार छान उलगडतं. पीएच ठरतो तो सोडियम आणि क्लोराइडसारख्या आयनांतल्या फरकाने, अल्ब्युमिनसारख्या दुबळ्या आम्लांनी आणि पीसीओटूने. बायकार्ब हा नुसता परिणाम. खरं तर सगळ्यांनी हेच शिकायला हवं.

भूलथाप
खारेदाणे, तुमचं शास्त्र बरोबर, पण रात्री तीनला एकटा आरएमओ स्ट्रॉंग आयनची गणितं करत बसणार नाही. गॅप, अल्ब्युमिनची दुरुस्ती, विंटर्स एवढ्यावर बहुतेक सगळं निघतं.

खारेदाणे
मान्य नाही, पण त्यासाठी वेगळा धागा काढतो.

कातळकडा
डॉक्टरांच्या धाग्यात एका ट्रेकरची भर. २००७ साली एव्हरेस्टवरून उतरताना ८,४०० मीटरवर चार गिर्यारोहकांच्या मांडीच्या धमनीतून रक्त काढलं होतं. सरासरी पीओटू २४.६ आणि पीसीओटू १३.३. माणसं चालत-बोलत होती.

मोगरावेणी
बाप रे! २४ चा रिपोर्ट आला तर आम्ही शीर टोचली असं समजून परत काढू.

माझा शेवटचा प्रश्न त्यावरूनच. पेशंटच्या मनगटाची पार चाळण झालेली असते, दर सहा तासांनी धमनीच टोचायची का? शिरेचं रक्त चालत नाही?

भूलथाप
बऱ्याच वेळा चालतं. शिरेतला पीएच धमनीपेक्षा साधारण ०.०३ ते ०.०५ ने कमी, बायकार्ब जवळपास तेवढाच. कीटोअ‍ॅसिडोसिस सुधारतोय का हे बघायला शिरेचं रक्त पुरतं. पीसीओटू मात्र शिरेत किती जास्त येईल याचा भरवसा नाही. शिरेतला पीसीओटू ४५ च्या खाली असेल तर धमनीत तो चढलेला नसणार एवढं म्हणता येतं. त्यावर आला तर धमनी टोचा. शॉकमध्ये शिरेचं धरून चालू नका. आणि सारखंच लागत असेल तर आर्टेरिअल लाइन (धमनीतच ठेवायची बारीक नळी) टाका, पेशंटही सुटतो, तुम्हीही. पण लाइनमधून काढताना आधीचं दोन-तीन एमएल काढून टाकल्याशिवाय सिरिंज लावू नका, नाहीतर टेस्टट्यूब पुन्हा चिडतील.

टेस्टट्यूब
चिडलो नाही अजून. सिरिंजवर वेळ लिहीत जा, एवढंच.